दीड किलोचा गिनीपिग – जात कोणती असावी? (ठाणे)

मानपाडाकर

नमस्कार मंडळी. प्राणी-पक्षी विभागात पहिलाच धागा आहे, चुकीच्या जागी पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब बंगळूरला गेलं. जाताना त्यांचा गिनीपिग आमच्याकडे ठेवला. आधी थोडे दिवस म्हणून, आता कायमचाच. नाव बंडू, नर, वय दोन वर्षांच्या आसपास. कुठून घेतला होता विचारलं तर "एका नातेवाइकाने मुंबईच्या बाजारातून आणून दिला" एवढंच कळलं.

प्रश्न असा की बंडू फारच मोठा आहे. मुलीच्या मैत्रिणीकडे वसंत विहारला दोन गिनीपिग आहेत, ते याच्या शेजारी पिल्लं वाटतात. परवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टब ठेवून, काटा शून्य करून त्याला बसवला: १४८० ग्रॅम. लांबी शिंप्याच्या टेपने नाकापासून मागच्या टोकापर्यंत ३३ सेंमी. तो ताठ राहत नाही, त्यामुळे एखाद सेंमी इकडेतिकडे. केस आखूड आणि सरळ. रंग तांबूस, कपाळावर आणि पोटाकडे पांढरा. डोळे काळे. फ्रीज उघडला की शिट्ट्या मारतो, बाकी वेळ लोळतो.

नेटवर ॲबिसिनियन, टेक्सेल, सिल्की वगैरे नावं वाचून काही उलगडा झाला नाही. सोसायटीच्या वॉचमनच्या मते ही घूस आहे आणि शेजारी आम्हाला फसवून गेले. आईचं मतही हळूहळू तिकडेच झुकायला लागलंय. जाणकारांनी सांगावं.

फोटो तीन टाकलेत: समोरून, वरून, टबात.

टवाळ

फोटो दिसत नाहीत. पण वॉचमनचा अनुभव दांडगा असतो, त्याला कमी लेखू नका.

कुरकुरीत

मला दिसतायत. कसला गोड आहे! पेरुव्हियन असेल का? पेरूतले मोठे असतात असं कुठेतरी वाचलंय.

रानमेवा_नेरुळ

मानपाडाकर, आधी आईंना सांगा की घूस नाही. घुशीला लांबलचक खवलेदार शेपूट असते, गिनीपिगला शेपूट नसतेच. तोंड आखूड, कान पाकळीसारखे खाली वळलेले. फोटोत सगळं स्पष्ट आहे.

@कुरकुरीत, पेरुव्हियन नाही. ती लांब केसांची जात. केस पार पुढे तोंडावर येतात, डोळे कुठे आणि मागची बाजू कुठे ते कळत नाही. आकाराने ते इतरांसारखेच असतात. तुम्ही वाचलंय ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर येतेच.

लोक गिनीपिगच्या ज्या जाती म्हणतात ती बहुतेक केसांच्या प्रकारांची नावं आहेत. अंगभर भोवरे असतील तर ॲबिसिनियन. लांब केस मागे वळलेले असतील तर सिल्की, ब्रिटनमध्ये त्यालाच शेल्टी म्हणतात. लांब आणि कुरळे असतील तर टेक्सेल. आखूड, ताठ, दाट केस म्हणजे टेडी किंवा रेक्स. डोक्यावर पांढरा भोवरा असेल तर व्हाइट क्रेस्टेड. अमेरिकेत शोच्या गिनीपिगसाठी जी संघटना आहे तिच्या यादीत १३ जाती आहेत आणि त्यातल्या काही तर "तेच केस, पण चमकदार" म्हणून वेगळ्या मोजलेल्या. आकारावरून ठरलेली जात त्या यादीत एकही नाही.

बंडूचे केस आखूड, सरळ, भोवरे नाहीत. मिशा सरळ आहेत का बघा, रेक्सच्या मिशाही कुरळ्या असतात. सरळ असतील तर हा साधा आखूड केसांचा, ज्याला अमेरिकेत "अमेरिकन" म्हणतात. जातीचा शोध माझ्या मते इथेच संपतो. आकार का मोठा, हा दुसरा प्रश्न.

मानपाडाकर

मिशा सरळच आहेत. आत्ता टॉर्च लावून पाहिल्या, त्याला ते अजिबात आवडलं नाही. पण सविस्तर उत्तराबद्दल खूप आभार. "ते वेगळं प्रकरण" म्हणजे?

अरेकिपाकर

ते प्रकरण मी सांगतो, कारण मी ते ताटात पाहिलंय. कामानिमित्त दक्षिण अमेरिकेत, पेरू देशातल्या अरेकिपा शहरात राहिलो आहे (खाणीचं काम). तिकडे या प्राण्याला कुय म्हणतात आणि तो मुळात खायचा प्राणी. अँडीज पर्वतात हजारो वर्षांपासून माणसांनी पाळलेला. घराघरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फिरतो, उरलेला पालापाचोळा खातो आणि सणाला चुलीवर जातो. अरेकिपाला तो सपाट करून, वर दगड ठेवून तळतात. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातलं मार्कोस झापाता याचं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे. त्यात मधल्या ताटात चार पाय वर केलेला एक प्राणी आहे आणि गाइड लोक हमखास सांगतात की हा कुय.

तर १९६० च्या दशकापासून लिमाजवळ ला मोलीना इथे शास्त्रज्ञांनी निवड करून मांसासाठी मोठे कुय तयार केले. ते दोन-तीन किलोपर्यंत जातात. रंग? बहुतेक तांबूस-पांढरा. केस आखूड, सरळ. बंडूचा फोटो पाहून मला एकदम बाजारच आठवला. क्षमस्व मानपाडाकर.

नौपाड्याची मावशी

शिव शिव. सकाळी चहाबरोबर हे वाचायला नको होतं.

टवाळ

बंडूला हा धागा वाचायला देऊ नका.

कुरकुरीत

म्हणजे बंडू पेरूचा जायंट कुय!! मी म्हटलंच होतं पेरू.

मानपाडाकर

अरेकिपाकर, वर्णन तंतोतंत जुळतंय की. नेटवर शोधलं तर तिथे म्हटलंय की अशा कुयना बोटं जास्त असतात. पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन ही नेहमीची संख्या. मग रात्री आईने त्याला टॉवेलवर मांडीत घेतला, समोर कोथिंबीर धरली आणि मी एकेक पाय मोजला. पुढचे दोन्ही ठीक, चार-चार. मागचा उजवा तीन. मागचा डावा... तीन आणि वर एक बारकं! बाहेरच्या बाजूला, हाड लागत नाही, नुसतं लोंबतं, पण टोकाला नख आहे, तांदळाच्या कणीएवढं. आई म्हणाली हे आधी का दिसलं नाही. मी म्हटलं आधी आपण मोजलं नव्हतं.

आता सांगा!

पिंजऱ्यापलीकडे

बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या प्राणिगृहात काम केलं, हजारो गिनीपिग हाताळले. आता निवृत्त. जरा थंड पाणी ओततो.

>>> तीन आणि वर एक बारकं!

जास्तीचं बोट हा कुयचा दाखला नव्हे. साध्या गिनीपिगमध्येही ते अधूनमधून येतं. अमेरिकेत कॅसल नावाच्या आनुवंशिकी शास्त्रज्ञाने १९०६ साली जास्त बोटांच्या गिनीपिगच्या पैदाशीवर आख्खा निबंध लिहिला होता आणि त्याचा विद्यार्थी स्यूअल राइट पुढे अनेक वर्षं त्याच विषयात होता. कुयमध्ये प्रमाण जास्त, एवढंच. तुमच्या बंडूचं एकाच पायाला, तेही लोंबतं. नख वाढून कशात अडकणार नाही एवढं बघा.

रंगाचंही तसंच. तांबूस-पांढरा हा गिनीपिगमध्ये अतिशय सामान्य रंग आहे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये दहा मिनिटं उभे राहिलात तर चार दिसतील. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे दिसतात ते प्रयोगशाळेच्या वाणासारखे. आमच्याकडे डंकिन-हार्टली म्हणून होते, इंग्लंडमध्ये १९२६ च्या सुमाराचा वाण, ते असेच.

आणि पेरूतून जिवंत जनावर भारतात आणायचं म्हणजे परवाना, आरोग्याचे दाखले, विलगीकरण, विमानभाडं. एवढं करून कोणी तो बाजारात चारपाचशे रुपयांना विकेल का?

अरेकिपाकर

मुद्दा मान्य. पण आकाराचं काय? १४८० कुठून आलं?

पिंजऱ्यापलीकडे

पूर्ण वाढलेला साधा नर ९०० ते १२०० ग्रॅम असतो, पण १४०० च्या घरातले मी स्वतः तोललेत. दुर्मीळ आहेत, अशक्य नाहीत. उलटा प्रश्न विचारा: वसंत विहारचे दोघे किती ग्रॅमचे आहेत?

मानपाडाकर

मुलीने विचारलं. एक ६२०, एक ६७०. वय दीड वर्ष म्हणे.

रानमेवा_नेरुळ

हे घ्या! म्हणजे तेच छोटे आहेत.

मी नेरुळला सोडून दिलेले, नकोसे झालेले गिनीपिग सांभाळते. आपल्याकडे दुकानात जो माल येतो त्यात नात्यातल्या नात्यात पैदास झालेली असते, पिल्लू तीन आठवड्यांचं होण्याआधीच आईपासून तोडलेलं असतं, आणि खायला गाजर, कोबी, सशाचे पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या). सशाच्या पेलेटमध्ये क जीवनसत्त्व नसतं. गिनीपिगला माणसासारखंच क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही, ते रोज बाहेरून मिळावं लागतं. नाही मिळालं तर सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, वाढ खुंटते. अशी दीड वर्षाची ६०० ग्रॅमची पोरं माझ्याकडे नेहमी येतात. लोकांनी तेवढेच पाहिलेले असतात, म्हणून व्यवस्थित वाढलेला दिसला की "परदेशी जात" वाटते.

मागच्या घरच्यांनी याला काय खाऊ घातलं ते विचारा. मला वाटतं उत्तर तिथे आहे.

पिंजऱ्यापलीकडे

+१. अवांतर: गिनीपिगला स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) होतो हे कळलं तेच अपघाताने. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे बेरीबेरीचा अभ्यास करत होते. गिनीपिगना नुसतं धान्य घातलं आणि त्यांना बेरीबेरी न होता खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही झाला. उंदरांवर प्रयोग केला असता तर काहीच झालं नसतं, उंदीर क स्वतः बनवतो.

खूरपंजा

पशुवैद्य आहे. धाग्यावर निदान करत नाही, पण इथे सगळे जातीच्या मागे लागलेत म्हणून लिहितो. "मोठा" या शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: सांगाडाच मोठा, चरबी, पोटात काही, किंवा मादी असून गाभण.

नर आहे याची खात्री आहे ना? दुकानात सर्रास उलटं सांगतात. मोठ्या नराच्या मागे दोन्ही बाजूंना वृषण ठळक दिसतात, त्यात चूक व्हायला नको.

चरबी: बरगड्यांवरून बोटं हलकी फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या लागल्या तर ठीक, शोधाव्या लागल्या तर जाड. हनुवटीखाली पिशवी लोंबते का? पायाचे तळवे पाहा. जड गिनीपिग कडक किंवा जाळीच्या तळावर राहिला की तळवे लाल होतात, मग सोलवटतात आणि ते बरं करणं फार चिवट काम.

पोट: पोट टणक, ताणलेलं, बाजू पेअरसारख्या फुगलेल्या असतील तर दवाखाना. माद्यांत बीजकोशाच्या गाठी फार आढळतात, त्यात दोन्ही कुशींचे केस जातात. नरांत मूतखडा. लघवी करताना ओरडतो का, लघवीत रक्त दिसतं का हे बघा. आणि वजन जास्त असण्यापेक्षा वजन अचानक उतरणं जास्त गंभीर. १२ तास काही खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका.

आणखी एक, ज्यांच्याकडे गिनीपिग आहे त्या सगळ्यांसाठी. कुत्र्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने देऊ नका. पेनिसिलिन गटातली औषधं यांच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, नको ते माजतात आणि प्राणी दगावतो. घरगुती डॉक्टरकीत गेलेले मी पाहिलेत. दवाखान्यात जाताना आधी फोन करून विचारा की गिनीपिग-ससे बघता का. सगळे बघत नाहीत.

मानपाडाकर

डॉक्टर, नर आहे, त्यात शंकेला जागाच नाही, आईने चष्मा न लावता सांगितलं.

बरगड्या लागतात, पण वर थोडी गादी आहे. हनुवटी ठीक. तळवे गुलाबी, स्वच्छ. लघवीला ओरडत नाही. एकच विचित्र: जिथे शेपूट असायला हवी तिथे काळपट चिकट डाग आहे, केस एकमेकांना चिकटलेत, वासही येतो. ही जखम आहे का?

खूरपंजा

जखम नव्हे, तिथे तेलग्रंथी असते. नरांत जास्त काम करते. थोडं खोबरेल तेल बोटाने चोळा, दहा मिनिटांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसा. महिन्यातून एकदा पुरे. खरवडू नका.

नौपाड्याची मावशी

खातो काय ते कोणी सांगेल का? जातीपेक्षा मला त्यात रस आहे. नातवाला हवाय आणि मला ठाऊक आहे शेवटी गवत कोण आणणार.

रानमेवा_नेरुळ

मावशी, तुम्हीच आणणार :)

सगळ्यात जास्त गवत. दात आयुष्यभर वाढतात, ते झिजायला गवतच लागतं. सुकं गवत ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. मी दुर्वा वापरते. तुमच्याकडे जांभळी नाक्यावर फुलवाल्यांकडे सकाळी जुड्या मिळतील. गणपतीत भाव चढतात. चांगल्या धुवा, ओल्या ढिगात गरम होऊन आंबलेल्या घेऊ नका, पोट फुगतं. तबेल्यातून हिरवा चारा मिळत असेल तर उत्तम. पण लसूणघास मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम फार, खड्यांना आमंत्रण. पालकही क्वचितच.

क साठी ढोबळी मिरचीचा एक काप आणि कोथिंबीर रोज. आवळ्याच्या दिवसांत आवळ्याची चकती, काही खातात काही थुंकतात. पाण्यात थेंब घालायचे सांगतात ते मी करत नाही, उजेडात क टिकत नाही आणि चव बदलली की ते पाणीच पीत नाहीत. गाजर, सफरचंद हे मिठाईसारखं. आणि उन्हाळ्यात सांभाळा, २७-२८ अंशांच्या वर त्यांना त्रास सुरू होतो आणि आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही तेवढं असतं. बाटलीत पाणी गोठवून, कपड्यात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवते, ते टेकून झोपतात.

नौपाड्याची मावशी

सविस्तर सांगितलंस गं. नातवाला मासे घेऊन देते.

मानपाडाकर

धाग्यात नवीन वळण. मुलीने बंडूचा व्हिडिओ "जायंट पेरू कुय??" असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत खारघरच्या एका गृहस्थांपर्यंत गेला आणि त्यांचा फोन आला. ते "एक्झॉटिक ब्रीडिंग" करतात. बंडूचे पाच हजार देतो म्हणाले. नाही म्हटल्यावर म्हणाले, विकू नका, महिनाभर माद्यांबरोबर ठेवायला द्या, पिल्लं "जायंट ब्रीड" म्हणून जातात, एक पिल्लू तुम्हाला. पाच हजार ऐकून आमच्या आईचं घुशीविषयीचं मत बदललं. द्यावा का?

रानमेवा_नेरुळ

नाही. नाही. आणि नाही.

मोठ्या नराची पिल्लं मोठी असू शकतात आणि माद्या कुठल्या असणार, त्याच ६०० ग्रॅमच्या. गिनीपिगचा गर्भ साधारण नऊ-दहा आठवडे आत असतो, म्हणूनच पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेली अशी जन्मतात. एकेक १०० ग्रॅमपर्यंत. मादीची पहिली खेप सहा-सात महिन्यांच्या आत झालेली नसेल तर ओटीपोटाचा सांधा पुरेसा सुटत नाही, पिल्लू अडकतं आणि दोघंही जातात. आणि व्याल्यावर काही तासांत ती परत माजावर येते. नर तिथेच असेल तर पुन्हा गाभण. "महिनाभर ठेवतो" म्हणजे काय ते समजून घ्या.

वर ती पिल्लं "पेरूची जायंट जात" म्हणून चौपट भावात विकणार. आणि त्या जातीचा दाखला कुठून येणार? या धाग्यावरून!

पिंजऱ्यापलीकडे

सहमत. आणि आकार एका नराकडून असा सरळ उतरत नाही. पेरूत ते पिढ्यान् पिढ्या निवड करून, नोंदी ठेवून झालंय. एका बंडूतून वाण निघत नाही.

मानपाडाकर, जुन्या मालकांकडे लहानपणीची वजनं असतील का? कुय की साधा, याचा निकाल आजच्या वजनावर लागत नाही, वाढीच्या वेगावर लागतो.

मानपाडाकर

फोन केला. आणि काय सांगू, आहेत! त्यांचा आधीचा गिनीपिग खाणं सोडून गेला होता, म्हणून वहिनी बंडूचं दर महिन्याला वजन करून कालनिर्णयवर लिहायच्या, दुधाच्या हिशेबाशेजारी. त्यांनी जुन्या पानांचे फोटो पाठवले. काही पानं गेली आहेत, जी आहेत ती अशी:

आणला तेव्हा २१०. दोन महिन्यांचा असताना ४३०. तीन महिन्यांचा ५८०. सहा महिन्यांचा ९३०. वर्षाचा १२४०. बंगळूरला जायच्या आधी १३९०. आमच्याकडे आल्यावर १४८०.

खाणं: रोज ताजं गवत (त्यांच्या मोलकरणीचा भाऊ तबेल्यात होता), कोथिंबिरीच्या काड्या, ढोबळी मिरची, आवळा. पिंजरा नावापुरता, बेडरूममध्ये मोकळा फिरायचा.

पिंजऱ्यापलीकडे

झालं तर मग. दोन महिन्यांना ४३०, तीनला ५८० हा साध्या निरोगी गिनीपिगचा आलेख आहे. पेरूचा सुधारित कुय आठ आठवड्यांत किलोच्या आसपास असतो, त्याच वयाला तिकडे तो बाजारात जातो. बंडूला किलो गाठायला सहा महिन्यांहून जास्त लागले. पुढे वर्षभर-दीड वर्ष सावकाश भरत गेला, तेही नेहमीचंच.

अरेकिपाकर

एक शंका. कुयच असेल पण सुरुवातीला उपाशी राहिला असेल तर?

पिंजऱ्यापलीकडे

तर २१० चा आला नसता, तीन आठवड्यांच्या साध्या पिल्लाचं वजन तेवढंच असतं. आणि आल्यापासून वहिनींनी खायला कमी केलेलं दिसत नाही. कितव्या तरी पिढीत कुयचं रक्त असेल का, ते मी नाही म्हणणार नाही. पण तसं मानायला हातात काही नाही.

कुरकुरीत

मग जात काय लिहायची शेवटी?

रानमेवा_नेरुळ

आखूड केसांचा, तांबूस-पांढरा, मोठ्या चणीचा. कोणी फारच मागे लागलं तर "अमेरिकन शॉर्टहेअर" म्हणा, पण ते फक्त केसांचं वर्णन झालं. पालकांची नोंद नाही तिथे जात सांगणं म्हणजे अंदाजच.

टवाळ

केस आहेत म्हणून हे तरी सांगता येतंय. १९७८ साली माँट्रियलच्या प्रयोगशाळेत बिनकेसांचे निघाले, स्किनी पिग म्हणतात त्यांना. त्यांची जात काय सांगणार, टक्कल?

मानपाडाकर

शनिवारी दवाखान्यात जाऊन आलो (आधी फोन करून, डॉक्टर खूरपंजांच्या सल्ल्याप्रमाणे). एक्स-रेमध्ये खडा नाही. दात ठीक. डॉक्टरांचं म्हणणं, हाडापेराने खरंच मोठा आहे, पण त्यावर शंभरेक ग्रॅम चरबी आहे आणि ती आमच्याकडे आल्यावरची आहे. जेवताना ताटातली काकडी, पोळीचा तुकडा, बिस्कीट, सगळं बंद. पेलेट रोज एक मोठा चमचा. लोंबतं बोट तसंच ठेवायचं, नख मात्र कापत राहायचं.

खारघरच्या गृहस्थांना नकार कळवला. त्यांनी आठ हजार केले. तरी नाही म्हटलं, तेव्हा म्हणाले "तुम्हाला किंमत कळलेली नाही".

मुलीने ग्रुपवरचा व्हिडिओ काढून टाकलाय. वॉचमन मात्र ठाम आहे.

डॉक्टरांनी अजून एक सांगितलं, एकटा ठेवू नका. यावर मत हवंय. हा स्वभावाने शांत आहे, पण दुसरा नर चालेल का?

खूरपंजा

कळपाचा प्राणी आहे, एकटा राहिला की नुसता खातो आणि लोळतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून नियमच आहे, गिनीपिग एकटा ठेवता येत नाही. मादी आणाल तर पुढच्या वर्षी इथे पिल्लांचा धागा काढाल. नराचं खच्चीकरण होतं, पण भूल द्यायचा अनुभव असलेला डॉक्टर पाहिजे. मोठा नर आणि लहान नर पिल्लू ही जोडी बऱ्याचदा जमते. दोन मोठे नर अचानक एकत्र टाकू नका, फाडतात एकमेकांना.

रानमेवा_नेरुळ

माझ्याकडे पाच आठवड्यांचं एक नर पिल्लू आहे, गाभण आलेल्या मादीचं. आईपासून आणि बहिणींपासून वेगळं काढलंय, कारण या वयात नर कामाला लागायची भीती असते. पैसे नकोत. अटी दोन: पिंजरा दोघांना पुरेल एवढा, म्हणजे किमान चार फूट बाय दोन फूट, जाळीचा तळ नको. आणि आणल्यावर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, म्हणजे खरूज, सर्दी काही असेल तर आधी कळेल. मग तिसऱ्याच जागी, जिथे बंडूचा वास नाही अशा ठिकाणी दोघांची ओळख करून द्यायची, भरपूर गवत पसरून. दात वाजवले तर थांबवा. नुसते गुरगुरत कंबर हलवत फिरले तर फिरू द्या, तो रुबाब असतो.

मानपाडाकर

चार बाय दोन बाल्कनीत बसत नाही, हॉलमध्ये टीव्हीखाली बसेल. आई हो म्हणाली आहे, अट एवढीच की दुसऱ्याचं नाव ती ठेवणार. रविवारी ट्रान्स-हार्बरने येऊ का? नेरुळला किती वाजता बरं पडेल, आणि पिल्लू आणायला काय आणू, खोका चालेल की टोपली?

रानमेवा_नेरुळ

अकरानंतर या, सकाळी मी दुर्वा आणायला जाते. टोपली नको, झाकण असलेला खोका, बाजूंना भोकं पाडलेला, तळाला जुना टॉवेल आणि मूठभर गवत. पत्ता संदेशातून पाठवते. बंडूला आणू नका.